लिस्बनची पहिली वारी: गोव्याहून निघणाऱ्यांसाठी

गोव्यातून पहिल्यांदाच युरोपला निघालेलं कुटुंब सल्ला विचारायला येतं, तेव्हा त्यांच्याकडे बहुधा यादी तयार असते. पॅरिसला दोन रात्री, स्वित्झर्लंडला तीन, मग रोम, आणि जमलं तर शेवटी लिस्बन. मी ती यादी बाजूला ठेवायला सांगते. पहिल्या खेपेला नुसत्या लिस्बनला जा. एकाच वाड्यावर खोली घ्या, रोज सकाळी एकाच काउंटरवर कॉफी प्या, दुपारी शक्यतो एकाच खानावळीत जेवा आणि निदान आठवडाभर तिथून हलू नका. गोव्याच्या माणसाला त्या शहरातलं बरंच काही आधीपासून ठाऊक असतं: पाव, खारवलेल्या माशाचा वास, नदी ओलांडणारी फेरी, पांढरी चर्चेस, भिंतीवरच्या निळ्या फरशा. म्हणून बुजायला होत नाही, आणि जे खरोखर वेगळं आहे त्याच्याकडे बघायला सवड मिळते. पाच देश पळत पाहिले की ही सवड हातातून जाते.

कागदपत्रं आणि हंगाम

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पंधरा दिवसांची वाट बघू नका. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध हवा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे जिथे पहिल्यांदा युरोपात उतरणार, तिथे रांगेत वेळ जाऊ शकतो. पुढचं विमान तासाभराच्या अंतराने धरू नका.

गोव्याहून थेट विमान नाही. मोपाहून निघा किंवा दाबोळीहून, वाटेत एकदा तरी बदलावं लागतंच. म्हाताऱ्या माणसांसाठी विमानतळावरची व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा, कारण मोठ्या विमानतळांवर एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंतची चाल गुडघ्यांना झेपत नाही.

आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा, जून ते सप्टेंबर, लिस्बन कोरडं आणि कडक उन्हाचं असतं. तिकडचा पाऊस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. मला विचाराल तर मे, जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. भर उन्हाळ्यातही संध्याकाळी अटलांटिकवरून गार वारा सुटतो. ‘उन्हाळाच तर आहे’ म्हणून स्वेटर घरी ठेवू नका. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेपाच, त्यामुळे घरी फोन दुपारीच करून टाका, संध्याकाळपर्यंत इकडची माणसं झोपलेली असतात.

पायांची काळजी कपड्यांच्या आधी घ्या. शहर टेकड्यांवर वसलं आहे आणि फुटपाथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे आहेत. वर्षानुवर्षं पावलं पडून ते गुळगुळीत झालेत आणि ओले झाले की भयंकर निसरडे. रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट न्या. नवे घ्यायचेच असतील तर महिनाभर आधी घ्या आणि ते घालून रोज आल्तिनोचा चढ चढून या.

खोली कुठे घ्यावी

आल्फामा हा शहराचा जुना भाग फोटोत सर्वांत देखणा दिसतो. पण तिथे बॅगा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात, गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही आणि रात्री गजबज असते. तिथे फिरायला जा, राहू नका. घरात वयस्कर माणूस असेल तर कांपु द ओरिक हा सपाट रस्त्यांचा, मंडई असलेला, घरगुती वस्तीचा भाग बघा. मेट्रो जवळ हवी आणि खर्च जरा आवरायचा असेल तर आंजुश-आर्रोयोश. खोली ठरवताना मालकाला दोनच प्रश्न विचारा: मजला कितवा आणि लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींत बहुधा नसते, आणि चौथ्या मजल्याचा लाकडी जिना आईला दिवसातून दोनदा चढायला लावणं बरं नव्हे. भाड्याखेरीज माणशी, रात्रीमागे ४ युरो शहराचा कर द्यावा लागतो, सात रात्रींपर्यंत. तो हिशेबात धरा.

विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन थेट शहरात येते. मेट्रो, बस, ट्राम आणि फेरी या सगळ्यांना चालणारं ‘नाव्हेगांत’ नावाचं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. त्यात पैसे भरा आणि वापरा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. एकाच कार्डावर सगळं कुटुंब जात नाही. रोख पैसे काढायचे तर ‘मुल्टिबांको’ लिहिलेल्या, बँकेच्या दाराशी असलेल्या मशीनमधून काढा. मशीनने ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारलं तर नको म्हणा, युरोच निवडा. रुपयांतला दर नेहमी महाग पडतो.

खाणं: सकाळपासून सुरुवात

लिस्बनचा दिवस काउंटरवर सुरू होतो. दर कोपऱ्यावर एक कॅफे असतो. माणसं आत येतात, उभ्याउभ्या कॉफी पितात, काहीतरी गोड किंवा लोण्याचा टोस्ट खातात आणि कामाला जातात. ‘बिका’ म्हटलं की चार घोटांची कडक काळी कॉफी येते. आपल्या सवयीची, भरपूर दुधाची हवी तर उंच ग्लासातली ‘गालांव’ किंवा कपातली ‘मेया द लेइत’ मागा. चहा ‘शा’ या नावाने मिळतो, पण पिशवी बुडवलेला, दुधाविना. दूध वेगळं मागावं लागतं. बाहेर फुटपाथवरच्या टेबलांवर बसलात तर बऱ्याच ठिकाणी तीच कॉफी महाग पडते. काउंटरवर उभे राहा. तिथे स्वस्तही पडतं आणि आजूबाजूचं बोलणंही कानावर येतं.

खोलीजवळचा एक कॅफे धरा आणि रोज तिथेच जा. चौथ्या सकाळी तुम्ही दारातून शिरताच काउंटरमागचा माणूस तुमचा कप घ्यायला वळतो. त्या दिवसापासून तो तुम्हाला आज कुठला मासा चांगला, कुठल्या रस्त्यावर काम चालू आहे, हे सांगायला लागतो. हे कुठल्याही टूरच्या पॅकेजात मिळत नाही.

पास्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचं पापुद्र्यांच्या वाटीतलं पेस्ट्रीसारखं गोड, सगळीकडे मिळतं. बेलें भागात १८३७ पासून चालत आलेलं दुकान प्रसिद्ध आहे आणि तिथली रांगही तितकीच. एकदा जरूर जा. पण तुमच्या कोपऱ्यावरच्या कॅफेत सकाळी नुकती भट्टीतून निघालेली नाता, वर दालचिनीची पूड भुरभुरून, कोमट असतानाच खाऊन बघा. माझ्या मते ताजेपणा दुकानाच्या नावापेक्षा महत्त्वाचा.

दुपारचं जेवण हे दिवसातलं मुख्य जेवण धरा. साडेबारा ते अडीच या वेळात ‘ताश्का’ शोधा. ताश्का म्हणजे छोटी, घरगुती खानावळ. टेबलांवर कागद अंथरलेला, काचेवर हाताने लिहिलेला आजच्या पदार्थांचा कागद चिकटवलेला. आत गवंडी, बँकेतले कारकून, गल्लीतली म्हातारी मंडळी एकत्र जेवत असतील तर निःशंक शिरा. बाहेर फोटोंचा रंगीत मेनू सहा भाषांत लावलेला असेल आणि दारात माणूस उभा राहून हाका मारत असेल तर पुढे चला. ‘प्रातु दु दिआ’ म्हणजे आजचा पदार्थ. तो कमी पैशांत पोटभर मिळतो. काही ठिकाणी सूप आणि कॉफीही त्यातच धरलेली असते.

बसल्याबसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज समोर येतं. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हसून परत द्या. कोणाला वाईट वाटत नाही. पदार्थाच्या नावापुढे दोन किमती दिसल्या तर मोठी ‘दोझ’ची आणि लहान ‘मेया दोझ’ची, म्हणजे अर्ध्या वाढपाची. एक पूर्ण दोझ आपल्या दोन माणसांना सहज पुरते. मासे आणि खेकडे-कोळंबी कधीकधी किलोवर लावलेले असतात. अशा वेळी मासा भट्टीवर जाण्याआधी वजन आणि किंमत विचारून घ्या.

आता मासा. नुस्त्यावर वाढलेल्या माणसाला इथे आनंदही होतो आणि पहिल्या घासाला जरा चुकल्यासारखंही वाटतं. सार्दिन्य, म्हणजे आपल्या तारल्यांची भावंडं, जाड मीठ लावून कोळशावर भाजतात आणि उकडलेला बटाटा, भाजलेली मिरची आणि पावाच्या जाड कापाबरोबर देतात. बस्स. कोकम नाही, तिरफळ नाही, नारळ नाही. पहिल्या दिवशी हुमणाची आठवण काढत जेवलात तर माशावर अन्याय होईल. मासा इतका ताजा असतो की मीठ, ऑलिव्ह तेल आणि कोळशाचा धूर एवढ्यावर तो उभा राहतो. दोन-तीन दिवसांनी जिभेला हे उमगतं. तरी तिखट हवंच झालं तर ‘पिरी-पिरी’ मागा, बाटली येते. सार्दिन्यांचा खरा हंगाम उन्हाळ्यातला. १२ जूनच्या रात्री, संत आंतोनीच्या सणाला, आल्फामाच्या गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात आणि सगळं शहर रस्त्यावर उभं राहून सार्दिन्या खातं. त्या रात्री बारीक पानांच्या तुळशीसारख्या झाडाच्या कुंड्या, वर कागदाचं फूल आणि प्रेमाच्या चार ओळींची चिठ्ठी खोवून, एकमेकांना देतात. आपल्याकडच्या सांजाव सणाची मजा ज्यांनी बघितली आहे त्यांनी तारीख साधून जावं.

बाकाल्याव, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड, हा त्यांचा जीव की प्राण. तो मासा त्यांच्या किनाऱ्यावर मिळतही नाही, नॉर्वे-आइसलँडकडच्या थंड पाण्यातून येतो. दोन-दोन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातलं मीठ काढतात आणि मगच शिजवतात. नदीकाठच्या आर्सेनल रस्त्यावर त्याची दुकानं आहेत. पाटासारखे कडक मासे एकावर एक रचलेले असतात आणि तो वास पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांतला म्हापशाचा बाजार डोळ्यांपुढे आणतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘बाकाल्याव आ ब्राश’ मागावा: माशाचे तंतू, काड्यांसारखा तळलेला बटाटा आणि अंडं, सगळं एकत्र परतलेलं. मुलांनाही आवडतो.

ज्यांना डुकराचं किंवा गाईचं मांस चालत नाही त्यांनी ‘पोर्कु’ आणि ‘व्हाका’ हे दोन शब्द पाठ करावेत. ‘फ्रांगु’ म्हणजे कोंबडी, ‘पैश’ म्हणजे मासा. सँडविचच्या गाड्यावरची ‘बिफाना’ डुकराची असते आणि ‘प्रेगु’ गाईच्या मांसाचा. ‘शामुसा’ नावाने आपला समोसा साध्यासाध्या कॅफेतही मिळतो, पण आत बहुधा खिमा असतो, विचारून घ्या.

शिवराक पाळणाऱ्यांसाठी

सोमवारी किंवा कायमच शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणाऱ्यांना लिस्बन पूर्वीइतकं कठीण राहिलेलं नाही, पण गाफील राहून चालत नाही. ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात वरून चोरिसचा, म्हणजे डुकराच्या सॉसेजचा, काप घालतात. काप काढून टाकला तरी सूप त्यातच उकळलेलं असू शकतं. घेवड्याच्या उसळींतही चोरिस असतो. ‘सोपा द लेगुमिश’, म्हणजे घोटलेल्या भाज्यांचं सूप, त्यातल्या त्यात सुरक्षित. ‘सेंय कार्न, सेंय पैश’ म्हणजे मांस नको, मासा नको, हे शब्द कागदावर लिहून वाढणाऱ्याला दाखवा. अंडं नको असेल तर तेही वेगळं लिहा, कारण नातासकट बहुतेक गोड पदार्थ अंड्याच्या बलकाचेच. फार कडक पाळणाऱ्यांनी ‘बान्या’ हा शब्दही ध्यानात ठेवावा. ती डुकराची चरबी आहे आणि काही पारंपरिक मिठायांत वापरतात.

खोलीत चूल असेल तर मार्तिं मोनिश चौकात जा. त्याच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी दुकानं आहेत; तांदूळ, डाळ, हिरव्या मिरच्या, आलं, कढीपत्ता, सगळं मिळतं. शहराच्या उत्तरेला लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी पोर्तुगालात आपला समाज उभा केला, त्याच समाजाचं हे मंदिर. तिथे शाकाहारी जेवणाचीही सोय असते. निघण्याआधी वेळ विचारून घ्या. अनोळखी शहरात डाळ-भाताच्या ताटासमोर बसलेल्या आईचा चेहरा बघितलात की तिथवरची मेट्रो वसूल होते.

सोमवारी बरीच सरकारी संग्रहालयं आणि बेलेंचा जेरोनिमुश मठही बंद असतो. तो दिवस देवळासाठी, दुकानांसाठी आणि फेरीसाठी ठेवा.

बघणं: कमी, पण नीट

बेलेंला सकाळी लवकर पोचा, दार उघडायच्या आधी. जेरोनिमुशचं चर्च आणि मठाचं अंगण ही दोन वेगळी दारं आहेत. तिकिटाची मोठी रांग अंगणाची. चर्चमध्ये शिरल्याशिरल्या वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये या मठात आणले. समोरच कवी कामोंइशची कबर. तिथून नदीकाठाने बेलेंच्या बुरुजापर्यंत चालत जा. बुरुज आतून बघायला मिळाला नाही तरी चालेल, बाहेरून त्याच्या एका कोनाड्याखाली दगडातलं गेंड्याचं डोकं शोधा. ऊन-पावसाने झिजलंय, पण आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला तो गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसु द आल्बुकेर्कने १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजात घातला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला, हा बुरुज बांधला जात असतानाच. युरोपाने हजारएक वर्षांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. गोव्याच्या मुलांना ही गोष्ट तिथे उभी करून सांगा, त्यांना ती जन्मभर आठवेल.

बेलेंला दर्यावर्दींचं १९६० सालचं उंच स्मारकही आहे. तिथे गोव्याच्या हिंदू माणसाच्या मनात एकच एक भावना येत नाही, आणि यायची गरजही नाही. ज्या सत्तेची जहाजं इथून निघाली तिच्याच काळात मंगेशाला कुठ्ठाळी सोडून झुवारीपलीकडे प्रियोळला जावं लागलं, शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला. मी माझ्या माणसांना दोन्ही गोष्टी तिथेच सांगते: त्या खलाशांचं धाडस आणि त्याची आपल्या गावांनी मोजलेली किंमत. त्यानंतर मुलं जे प्रश्न विचारतात ते शाळेच्या पुस्तकाने कधी सुचवलेले नसतात.

रोसिउ चौकाजवळचं साव दोमिंगुश चर्च बहुतेक प्रवासी वगळतात. तुम्ही वगळू नका. १९५९ मध्ये ते आगीत जळालं आणि दुरुस्ती करताना भाजलेले, तडकलेले खांब तसेच ठेवले. बाहेर चौकात १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची आठवण सांगणारा दगड आहे. इथून वर गेलं की कार्मुच्या मठाचं छप्पर नसलेलं चर्च. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी सगळे संतांच्या सणाच्या प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला, मागोमाग नदीतून लाट आली आणि आग लागली. छप्पर तेव्हा पडलं. खालचा सरळ रेषांचा बायशा भाग त्यानंतर राजाचा मंत्री मार्केश द पोंबालने नव्याने वसवला. म्हणून आधी आल्फामाच्या वाकड्यातिकड्या गल्ल्या चाला आणि मग बायशात उतरा. भूकंपाआधीचं आणि नंतरचं शहर पायांनाच कळतं.

पिवळी २८ नंबरची ट्राम सगळ्यांना हवी असते, म्हणून दुपारी तिच्यात उभं राहायलाही जागा नसते आणि खिसेकापू नेमके तिथेच असतात. सकाळी साडेसात-आठला शेवटच्या थांब्यावरून बसा, नाहीतर तिच्या वाटेने चालत जा.

फेरी मात्र चुकवू नका. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशला दहा मिनिटांत तेजु नदी ओलांडता येते, मेट्रोच्या कार्डावर, अगदी थोड्या पैशांत. पणजी-बेतीची फेरी ज्यांनी रोज केली आहे ते डेकवर उभे राहून पाठीमागे सरकणारं शहर बघतील तेव्हा त्यांना वाटाड्याची गरज पडणार नाही. पलीकडे पाण्याला लागून चालत मासे खायच्या जागा आहेत. संध्याकाळी जा, ऊन उतरताना अख्खं लिस्बन समोर असतं.

सिंत्रा हे राजवाड्यांचं गाव रोसिउच्या स्टेशनवरून साधारण चाळीस मिनिटांवर आहे. आठवडा हातात असेल तरच जा, आणि तिथे एकच राजवाडा निवडा.

सोबत

बरोबर आलेल्या माणसांना एकमेकांपासून थोडी सुट्टी द्या. नणंद-भावजय, सासू-सून, तरुण मुलं, सगळी दिवसभर एकाच दोरीला बांधलेली राहिली की तिसऱ्या दिवशी कुरबुरी सुरू होतात. दुपारी जेवल्यावर दोन-तीन तास ज्याचे त्याला द्या आणि भेटायची जागा ठरवा. वयस्कर माणसांसाठी बागेतले चहा-कॉफीचे छोटे कियोस्क उत्तम. एश्त्रेलाच्या बागेत सावलीत बसून येणारीजाणारी बघण्यात माझ्या ओळखीच्या आजी-आजोबांचा वेळ मजेत जातो.

अनोळखी माणसांशी बोलायला फार भाषा लागत नाही. दुकानात शिरताना ‘बों दिआ’, दुपारनंतर ‘बोआ तार्द’ म्हणा, आणि मगच पुढचं. न बोलता थेट वस्तूला हात घालणं तिथे उद्धट समजलं जातं. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’ म्हणायचं. ‘कुठून आलात’ याला ‘इंडिया’ न म्हणता ‘गोवा’ म्हणून बघा. साठी-सत्तरीच्या माणसाचा चेहरा एकदम बदलतो. कुणाचा काका गोव्यात सैन्यात होता, कुणाच्या शेजारी गोंयकार कुटुंब होतं. २०१५ ते २०२४ या काळातले त्यांचे पंतप्रधान आंतोनियु कोश्ता यांचे वडील मूळचे मडगावच्या घराण्यातले, हेही तेच तुम्हाला सांगतील. १९६१ चा, म्हणजे गोवामुक्तीचा, विषय निघाला तर बिचकू नका आणि वादालाही बसू नका. आपल्या घरी १९ डिसेंबरला काय सांगतात ते सांगा, त्यांच्या घरी काय सांगतात ते ऐका. मला आजवर ऐकलेल्या सर्वांत चांगल्या गोष्टी अशाच टेबलांवर मिळाल्या आहेत.

शहरात गोंयकारांचीही मोठी वस्ती आहे. काहीजण १९६१ च्या आधीपासून, काहीजण मोझांबिकमार्गे आलेले, काहीजण अलीकडे कामासाठी. ‘काझा द गोवा’ ही त्यांची संस्था आहे, तिथे गाणी-नाच, जेवणाचे कार्यक्रम होतात. एखाद्या कुटुंबाकडे जायचं असेल तर आधी फोन करा, वेळ पाळा आणि बसल्याबसल्या पोर्तुगीज पासपोर्ट कसा मिळतो याची चौकशी सुरू करू नका. त्यांना तो प्रश्न आठवड्यातून कितीदा ऐकावा लागतो! गावची बातमी सांगा: पाऊस कसा झाला, जत्रेला कोण आलं होतं, कोणाचं घर दुरुस्त झालं. ती माणसं त्यासाठी भुकेली असतात.

दुकानांत, हॉटेलांत, टॅक्सीत नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी मुलं भेटतात. हिंदीत बोललात की खुलतात. स्वस्त आणि चांगलं जेवण कुठे, कुठल्या गल्लीत रात्री जाऊ नये, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. त्यांच्याशी घाई करू नका, बारा-बारा तास काम करणाऱ्या मुलाला घरच्यासारखं कोणी दोन मिनिटं विचारलं तर बरं वाटतं.

फादु, म्हणजे त्यांचं विरहाचं गाणं, ऐकायला एका रात्री जा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि बोलणं, चमचे, फोन, सगळं थांबतं. वाढपीही थांबतो. लहान मुलं कंटाळणार असतील तर त्यांना आणू नका, कारण मध्येच उठून जाणं गाणाऱ्याचा अपमान समजतात. दोन गाण्यांच्या मध्ये जेवा.

बायशा भागात अंगाला खेटून कोणी ‘हाशिश’ म्हणत पुडी पुढे केली तर न थांबता, न बोलता चालत राहा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. अडचण आली तर ११२.

रात्री खोलीवर आल्यावर तीन-चार ओळी मराठीत लिहून ठेवा: काय खाल्लं, कितीला, कोणाशी बोललो, उद्या परत कुठल्या कोपऱ्यावर जायचं आहे. किंमत जरूर लिहा. पुढच्या वर्षी तुमचा मावसभाऊ तीच विचारणार आहे.

काय न्यावं, काय आणावं

तिकडच्या गोंयकारांसाठी काजू, सोलां, खाजें न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, म्हणून चोरिस आणि पेढे घरीच ठेवा. ताजे आंबेही नेऊ नका, प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावर काढून घेतात.

परत येताना डबाबंद सार्दिन्या आणा, डब्यांवरची चित्रं सुंदर असतात आणि विमानात सांडत नाहीत. भिंतीवरच्या निळ्या फरशांची हौस असेल तर जपून. कांपु द सांता क्लारावर मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सुट्या जुन्या फरशा विकायला असतात, पण त्यातल्या काही कोणाच्या तरी घराच्या भिंतीवरून चोरून काढलेल्या असतात. त्या घेऊ नका. आज हाताने रंगवणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा शहरात आहेत. तिथून नवी फरशी घ्या, मागे सही आणि सोबत पावती मागून घ्या आणि स्वेटरात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा.